पेटंटने नवं तंत्र वाढतं की अडतं? काजूगर निवडण्याच्या एका यंत्राच्या निमित्ताने

कुडाळजवळच्या एका तरुणाने विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात सांगते. घरच्या काजू कारखान्यासाठी त्याने गर निवडायचं यंत्र बनवलं आहे. पन्हळीतून एकेक गर पुढे येतो, वरचा कॅमेरा त्याचा फोटो घेतो, छोटा संगणक आकार आणि रंग बघून प्रत ठरवतो आणि हवेच्या फुंकरीने गर आपापल्या डब्यात पडतो. वडील म्हणतात, पेटंट घेतल्याशिवाय यंत्र कोणाला दाखवायचं नाही. पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत असलेला मित्र म्हणतो, पेटंटने तंत्रज्ञानाचं नुकसानच केलंय, त्या वाटेला जाऊच नकोस. दोघांत बरोबर कोण, आणि आता करायचं काय?

मी नोंदणीकृत पेटंट एजंट आहे, सावंतवाडीतून काम करते. काजूवाले, आंबा प्रक्रियावाले, बोटींची इंजिनं दुरुस्त करणारे, कॉलेजातली मुलं असे सगळे माझ्याकडे येतात. त्यामुळे हा प्रश्न मला नवा नाही, पण तो इतक्या नेमक्या यंत्रासकट क्वचितच येतो. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वडील आणि मित्र दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण ते वेगवेगळ्या वस्तूंबद्दल बोलतायत. वडिलांच्या डोळ्यासमोर लोखंडाचं यंत्र आहे, मित्राच्या डोळ्यासमोर सॉफ्टवेअर. पेटंट म्हणजे शेवटी कागदावर आखलेली हद्द. आपल्याकडे दोन बागांच्या मध्ये चिऱ्याचा गडगा असेल तर पिढ्यान्‌पिढ्या कुरबूर होत नाही; हद्द ‘त्या फणसापासून व्हाळापर्यंत’ अशी तोंडी असेल तर काका-पुतणे दिवाणी कोर्टात म्हातारे होतात. रसायन, औषध, यंत्राचा भाग यांची हद्द बऱ्यापैकी नेमकी लिहिता येते. सॉफ्टवेअरची येत नाही. तंत्रज्ञान उद्योगातला पेटंटचा जवळजवळ सगळा त्रास इथून सुरू होतो असं माझं मत आहे.

फायदा कुठे होतो ते आधी बघू. मारियो पुरेतिच हा मूळचा क्रोएशियाचा, कॅलिफोर्नियात मासेमारी करणारा माणूस. पर्ससीनचं, म्हणजे माशांच्या थव्याभोवती टाकून खालून आवळायचं, भिजलेलं, जड जाळं हाताने ओढताना सगळ्या खलाशांची कंबर मोडायची. १९५०च्या दशकात त्याने बोटीच्या डोलकाठीवर टांगता येईल अशी, यंत्राने फिरणारी मोठी कप्पी बनवली. जाळं तिच्या खाचेत बसतं आणि ती ते वर ओढून घेते. तिचं नाव पॉवर ब्लॉक. पुरेतिचकडे कारखाना नव्हता, भांडवल नव्हतं. त्याने पेटंट घेतलं आणि सिॲटलच्या मार्को कंपनीने त्याच्याशी करार करून ती कप्पी बनवायला घेतली. पुढच्या काही वर्षांत जगभरच्या पर्ससीन बोटींवर ती पोचली. पर्ससीनबद्दल आपल्या किनाऱ्यावर जो वाद आहे तो वेगळा, आणि मी त्यात रापणकारांच्या, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या पारंपरिक मच्छीमारांच्या, बाजूची आहे. पण डोक्यात कल्पना आहे आणि हातात पैसा नाही, अशा माणसाला पेटंट नसतं तर त्या कंपनीने कप्पी बघितली असती, मान डोलावली असती आणि स्वतःच बनवली असती. लहान माणसाला मोठ्या कारखानदारासमोर बसून बोलणी करता येतात ती या कागदामुळे.

आता सॉफ्टवेअरकडे या. जीआयएफ चित्रं सगळ्यांनी पाहिली आहेत. १९८७ साली कॉम्प्युसर्व्हने तो प्रकार काढला आणि तो सगळीकडे वापरला जाऊ लागला. त्यात माहिती दाबून लहान करण्याची जी रीत होती तिचं पेटंट युनिसिस कंपनीकडे होतं, आणि ते वापरणाऱ्या बहुतेकांच्या गावीही नव्हतं. १९९४च्या डिसेंबरात परवाना शुल्काची घोषणा झाली तेव्हा जगभरच्या प्रोग्रामरांची धांदल उडाली. त्यातून पीएनजी हा नवा, मोकळा प्रकार जन्माला आला. काही जण म्हणतात, बघा, पेटंटमुळेच नवा शोध लागला. मला हा युक्तिवाद पटत नाही. त्या हुशार माणसांनी आपला वेळ एका अडथळ्याला वळसा घालण्यात घालवला. तोच वेळ त्यांना दुसऱ्या कशात घालता आला असता.

दुसरं उदाहरण ब्लॅकबेरी फोनचं. ती बनवणाऱ्या रिसर्च इन मोशनवर एनटीपी नावाच्या कंपनीने दावा लावला. एनटीपी स्वतः काही बनवत नव्हती, तिच्याकडे होती ती फक्त पेटंटं. अमेरिकेचं पेटंट ऑफिस त्याच पेटंटांची फेरतपासणी करत होतं, त्यांच्या वैधतेवर शंका घेत होतं. तरीही सेवा बंद पडण्याच्या भीतीने २००६ साली रिसर्च इन मोशनने ६१ कोटी २५ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. पुढे २०११मध्ये दिवाळखोर झालेल्या नॉर्टेल या टेलिकॉम कंपनीची सुमारे ६,००० पेटंटं ॲपल, मायक्रोसॉफ्ट वगैरे कंपन्यांच्या गटाने साडेचार अब्ज डॉलरला घेतली. एवढा पैसा प्रयोगशाळेत गेला असता तर काय काय झालं असतं, हा विचार माझ्या मनातून जात नाही. तो गेला मुख्यतः समोरच्याने दावा लावला तर आपल्याकडेही दावा लावायला काहीतरी असावं म्हणून.

मोबाइल फोनची गोष्ट मधली आहे. एका फोनमध्ये हजारो पेटंटांचा समावेश असतो. त्यातली काही अशी की ती टाळून ४जी किंवा ५जी फोन बनवताच येत नाही. अशा पेटंटांचे मालक रास्त आणि भेदभाव न करणाऱ्या दराने परवाना देऊ असं आधीच कबूल करतात, आणि मग ‘रास्त’ म्हणजे किती यावर वर्षानुवर्षं भांडतात. स्वीडनची एरिक्सन विरुद्ध भारतीय फोन कंपनी लाव्हा या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०२४च्या मार्चमध्ये लाव्हाला सुमारे २४४ कोटी रुपये भरायला सांगितले. एरिक्सनने संशोधनावर खरोखर पैसा ओतलेला आहे, त्यामुळे ‘परदेशी कंपनीने लुटलं’ असं मी म्हणणार नाही. पण नवीन भारतीय फोन कंपनीला धंदा सुरू करतानाच हा हिशेब मांडावा लागतो आणि किती पैसे बाजूला ठेवायचे हे तिला आधी कळत नाही, हा अडथळा खरा आहे.

याच्या उलट मालवणच्या मच्छी मार्केटमध्ये जाऊन बघा. सुरमई-बांगड्याच्या टोपलीशेजारी क्यूआर कोडचा पुठ्ठा उभा असतो. हा कोड जपानच्या डेन्सो वेव्हने १९९४ साली काढला, मोटारींच्या सुट्या भागांचा माग ठेवण्यासाठी. त्याचं पेटंट कंपनीकडे होतं. पण ठरलेल्या नमुन्याप्रमाणे कोड वापरणाऱ्या कोणावरही हक्क बजावणार नाही असं तिने जाहीर केलं. पेटंट हातात ठेवलं म्हणजे दुसरा कोणी येऊन मालकी सांगणार नाही, आणि वापर मोकळा ठेवला म्हणजे पसारा वाढेल. मासे विकणाऱ्या मावशींपर्यंत तो पोचला त्यामागे या निर्णयाचा मोठा वाटा आहे. कंपनीने कोड वाचणारी यंत्रं विकून पैसे कमावले.

ट्रान्झिस्टरचंही असंच झालं, फक्त तिथे सरकारला हात घालावा लागला. त्याचा शोध बेल लॅब्ज या अमेरिकन टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत १९४७ साली लागला. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीपासूनच बेलने तो परवान्यावर दिला, सोनीसारख्या तेव्हा अगदी लहान असलेल्या कंपनीनेही परवाना घेतला. मग १९५६ साली अमेरिकन सरकारबरोबरच्या मक्तेदारीच्या खटल्यात तडजोड झाली आणि बेलला आपली तोवरची पेटंटं अमेरिकन कंपन्यांना फुकट वापरू द्यावी लागली. अर्थशास्त्रज्ञांनी नंतर तपासलं तेव्हा दिसलं की या निर्णयानंतर नव्या शोधांत वाढ झाली, आणि ती मुख्यतः बेलच्या स्वतःच्या टेलिफोन धंद्याबाहेर, लहान आणि नव्या कंपन्यांत झाली. टेलिफोनच्या क्षेत्रात मक्तेदारी तशीच राहिली, तिथे फारसा फरक पडला नाही. पेटंट मोकळं करून भागत नाही, बाजारही मोकळा असावा लागतो, हे मला यातून फार महत्त्वाचं वाटतं.

थ्रीडी प्रिंटर आता आपल्याकडच्या इंजिनीअरिंग कॉलेजांतही दिसतो. प्लास्टिकची तार वितळवून थरावर थर देण्याची रीत स्कॉट क्रम्पने काढली आणि १९८९ साली पेटंटसाठी अर्ज केला. त्या पेटंटच्या जोरावर स्ट्रॅटासिस ही कंपनी उभी राहिली. पण घरी, शाळेत घेता येईल असे स्वस्त प्रिंटर आले ते २००९ साली पेटंट संपल्यावर. मला यात पेटंटचं दोन्ही रूप एकदम दिसतं: ते नसतं तर कदाचित कंपनी उभी राहिली नसती, आणि ते इतकी वर्षं चाललं म्हणून एक अख्खी पिढी या यंत्रापासून लांब राहिली. औषधाला चाचण्यांत दहा-दहा वर्षं जातात, तिथे २० वर्षांची मुदत समजू शकते. इलेक्ट्रॉनिक्समध्ये तीच मुदत लावणं मला अन्यायाचं वाटतं.

आपला कायदा याबाबतीत बऱ्यापैकी शहाणा आहे. १९७०च्या पेटंट कायद्याच्या कलम ३मध्ये काय पेटंटयोग्य नाही याची यादी आहे. ३(के) म्हणतं, गणिती किंवा व्यवसायाची पद्धत, निव्वळ संगणक प्रोग्राम आणि अल्गोरिदम यांना पेटंट नाही. ‘निव्वळ’ या शब्दावर बराच काथ्याकूट झाला आहे. २०१९च्या फरीद अल्लानी प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं की प्रोग्राममुळे काही तांत्रिक परिणाम घडत असेल तर अर्ज सरसकट फेटाळू नका. ३(एच) म्हणतं, शेती-बागायतीच्या पद्धतीला पेटंट नाही. म्हणून हापूसला कल्टार हे संजीवक कधी, किती, कसं घालावं याची दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने दिलेली शिफारस कोणीही वापरू शकतो, आणि ते योग्यच आहे. सरकारी पैशातून झालेलं संशोधन बागायतदारापर्यंत असंच पोचायला हवं.

आता मूळ यंत्राकडे वळते. पाठवलेलं वर्णन मी नीट वाचलं. कॅमेऱ्याने रंग बघून हवेच्या फुंकरीने दाणा बाजूला उडवणं जुनं आहे. तांदळाच्या, डाळीच्या गिरण्यांत कलर सॉर्टर कधीचे चालतात. त्यावर पेटंट मिळणार नाही आणि मागूही नये. प्रत ओळखणारा प्रोग्राम ३(के)मध्ये अडकण्याची शक्यता मोठी. मग उरतं काय? उरते ती पन्हळ, आणि खरा शोध तिथेच आहे.

काजूगर वाकडा असतो. कुशीवर पडला तर कॅमेऱ्याला त्याचा पूर्ण बाक दिसतो, पाठीवर पडला तर तोच गर बारीक दिसतो. डब्ल्यू-२४० म्हणजे पौंडाला २२० ते २४० गर आणि डब्ल्यू-३२० म्हणजे ३०० ते ३२०. दोन्हींच्या भावातलं अंतर कारखानदाराला विचारा. पाठीवर पडलेला २४०चा गर यंत्राने ३२०च्या डब्यात टाकला की नुकसान मालकाचं. या तरुणाने पन्हळीचा तळ एका बाजूला गोलसर केला आणि तिला आडवी थरथर दिली, त्यामुळे गर कॅमेऱ्याखाली येईपर्यंत कुशीवर वळलेला असतो. प्रोग्राम साधा राहिला तो या पन्हळीमुळे.

हे पेटंटमध्ये कसं लिहायचं यावर सगळं अवलंबून आहे. पेटंटचा जीव क्लेममध्ये, म्हणजे हक्क नेमका कशावर ते सांगणाऱ्या वाक्यांत, असतो, आणि क्लेममधला प्रत्येक घटक समोरच्याच्या यंत्रात असेल तरच सहसा उल्लंघन ठरतं. समजा क्लेममध्ये लिहिलं, ‘गोलसर तळाची पन्हळ आणि तिला आडवी कंपनं देणारी विजेची मोटर’. उद्या दुसरा फॅब्रिकेटर मोटर काढून हवेच्या दाबाने थरथर देईल आणि मोकळा सुटेल. म्हणून ‘पन्हळीला आडवी कंपनं देणारं साधन’ असं लिहायचं आणि मोटर, हवा, चुंबक हे प्रकार खालच्या उपक्लेममध्ये घालायचे. फारच पसरट लिहिलं, म्हणजे ‘दाणे एका कुशीवर वळवणारी कोणतीही रचना’, तर परीक्षक कुठलं तरी जुनं बी-बियाणं निवडायचं यंत्र पुढे करून ते नाकारेल. नेमका शब्द शोधण्यात माझे कितीतरी तास जातात आणि ते जायलाच हवेत.

अर्जाआधी एक काम स्वतः करा. गूगल पेटंट्स, एस्पेसनेट आणि भारतीय पेटंट ऑफिसचं इनपास, तिन्ही फुकट आहेत. ‘काजू’पुरतं शोधू नका, शेंगदाणा, बदाम, गोळ्या-कॅप्सूल, स्क्रू एका दिशेने वळवणारी यंत्रंही बघा. जुनी, मुदत संपलेली किंवा भारतात कधी घेतलीच नव्हती अशी पेटंटं सापडतील. ती इथे कोणीही वापरू शकतो, आकृत्यांसकट. आपल्या छोट्या उद्योजकांना पेटंट व्यवस्थेचा सगळ्यात मोठा फायदा इथे आहे आणि जवळजवळ कोणीच तो घेत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. संशोधकाला २० वर्षांचा हक्क देताना समाजाने त्याच्याकडून पूर्ण कृती लिहून घेतलेली असते. ती वाचायचा हक्क आपला आहे.

वडिलांचं ‘कोणाला दाखवू नको’ हे अर्ज होईपर्यंत शब्दशः पाळा. यंत्राचा व्हिडिओ व्हॉट्सॲपच्या काजू ग्रुपवर किंवा यूट्यूबवर गेला, त्यात पन्हळीची रचना दिसली, की नवेपणा गेला असंच धरा. प्रदर्शनात मांडण्याची सवलत कायद्यात आहे, पण ती केंद्र सरकारने तशी अधिसूचना काढलेल्या प्रदर्शनापुरती आणि १२ महिन्यांसाठी. तालुक्याच्या कृषी महोत्सवात मांडलं तर ती मिळेल या भरवशावर राहू नका.

पहिला अर्ज प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, करा. व्यक्तीला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी १,६०० रुपये आहे. पूर्ण अर्जासाठी १२ महिने मिळतात, तेवढ्यात यंत्र एका हंगामात चालवून बघता येतं. अर्ज १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो, परीक्षणाची मागणी ३१ महिन्यांच्या आत करावी लागते. एजंटची फी सरकारी फीपेक्षा बरीच जास्त असते, हे आधीच विचारून घ्या, माझ्यासकट कोणालाही.

माझ्याकडे येणारे कारखानदार एक प्रश्न हमखास विचारतात: ‘पेटंट घेतला, पण कोर्टाचे फेरे कोण घालतलो?’ प्रश्न रास्त आहे. उल्लंघनाचा दावा जिल्हा न्यायालयापासून वर चालतो, आणि समोरच्याने तुमचं पेटंटच रद्द करा असा प्रतिदावा केला की प्रकरण उच्च न्यायालयात जातं. ओरोसला, आपल्या जिल्हा न्यायालयात, सुरू झालेली गोष्ट तिथे संपत नाही. छोट्या माणसाला ते परवडत नाही, आणि लहान संशोधकाच्या दृष्टीने आपल्या व्यवस्थेतली ही सगळ्यात मोठी उणीव आहे. जर्मनीत साध्या यांत्रिक सुधारणांसाठी जास्तीत जास्त १० वर्षांचं छोटं पेटंट मिळतं, स्वस्तात आणि लवकर. भारतात तसं काही नाही. ते आणावं असं मला वाटतं, मात्र दावा लावण्याआधी परीक्षण सक्तीचं करून. नाहीतर आंबे काढायच्या जुन्या झेल्याला नवा दांडा लावून कोणीही गावभर नोटिसा पाठवेल.

पेटंट नकोच असेल तरी गप्प बसू नका. हळदीचं प्रकरण आठवा. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट १९९५ साली अमेरिकेत दिलं गेलं. मूळचे गोव्यातल्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेचे महासंचालक होते. संस्थेने जुन्या ग्रंथांतले, छापील पुरावे गोळा करून आव्हान दिलं आणि १९९७मध्ये ते रद्द करून घेतलं. ‘आमच्या आजीला माहीत होतं’ एवढ्याने भागलं नसतं, तारखेचा छापील कागद लागला. कोकम सुकवण्याची, फणसाचे गरे टिकवण्याची एखादी युक्ती तुमच्या बचत गटाने काढली असेल आणि ती सगळ्यांना मोकळी राहावी असं वाटत असेल, तर ती आकृतीसकट, तारखेसकट कुठेतरी छापून आणा. मग तिच्यावर दुसऱ्या कोणाला पेटंट घेता येणार नाही.

तेव्हा या यंत्रापुरतं माझं सांगणं असं: पन्हळीसाठी पेटंटचा अर्ज करा. प्रोग्रामला कॉपीराइट आपोआप आहे, तो तसाच ठेवा. गरांचे हजारो फोटो आणि प्रत्येक फोटोवर हाताने नोंदलेली गराची प्रतवारी हा तुमचा खरा साठा आहे, तो कोणाला देऊ नका. यंत्रं स्वतः बनवायची नसतील तर एखाद्या मोठ्या फॅब्रिकेटरला परवाना द्या. रॉयल्टी नफ्यावर लावू नका, विकलेल्या प्रत्येक यंत्रामागे ठरवा, आणि वर्षाला किमान इतकी रक्कम मिळालीच पाहिजे अशी अट घाला, म्हणजे परवाना घेऊन कोणी यंत्र कपाटात ठेवणार नाही. करार लेखी करा आणि पेटंट ऑफिसात त्याची नोंद करा. कलम ६८प्रमाणे तोंडी परवान्याला किंमत नाही.